आठवणे, ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे : मेंदूतील स्मरणव्यापाराचा परिचय

‘मी पत्र लिहितो’ आणि ‘मला पत्र आठवते’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात लिहिणारा प्रथमेत आहे. क्रिया त्याच्या स्वाधीन आहे. दुसऱ्यात आठवणारा चतुर्थीत गेला आहे आणि प्रथमेचा मान पत्राला मिळाला आहे. बऱ्याच वर्षांनी भेटलेला वर्गबंधू ‘मी तुला आठवतो का?’ असे विचारतो, तेव्हा क्रियापदाचे रूप ठरते ते ज्याची आठवण व्हावयाची त्याच्यावरून. ज्याला ती व्हावयाची त्याच्यावरून नव्हे. भूक लागते, भीती वाटते, झोप येते, ताप येतो, त्याच पंक्तीत मराठीने आठवणीला बसविले आहे. मुद्दाम प्रयत्न करावयाचा असला म्हणजे आपण ‘आठवून पाहतो’, आणि तेवढ्यापुरता कर्ता प्रथमेत परत येतो.

स्मरणाविषयीचे आपले इतर शब्दही असेच बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पंढरपूर भीमेच्या काठी आहे हे आपणांस ठाऊक असते. ते कोणत्या दिवशी, कोणाकडून कळले हे मात्र आठवत नाही. पाढे पाठ असतात. पोहणे, सायकल चालविणे, भाकरी थापणे या गोष्टी अंगवळणी पडतात. ‘मला भाकरी थापणे ठाऊक आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्या बाईला ती प्रत्यक्ष थापता येते की नाही याविषयी ऐकणाऱ्यास शंकाच येईल. म्हणजे स्मरण नावाची एकच एक वस्तू आहे असे व्यवहारातील मराठी मानीत नाही.

गेल्या पाऊणशे वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांना जो निष्कर्ष मोठ्या कष्टाने हाती आला, तो याच्याशी बराच जुळणारा आहे. यावरून आपल्या पूर्वजांना मेंदूचे शास्त्र अवगत होते असे अनुमान काढण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना आहे. ती येथे आवरलेली बरी. भाषेने जे टिपले ते अनुभवातील भेद होत. त्या भेदांची शारीरिक कारणे शोधण्यास सूक्ष्मदर्शक, विजेची मापनयंत्रे आणि दुर्दैवी रुग्ण यांची गरज लागली. ती कारणे काय आहेत हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. उदाहरण म्हणून आपल्या जिल्ह्यातीलच एक रात्र घेऊ.

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. आदली रात्र अनंतचतुर्दशीची होती; गणपती विसर्जन करून थकलेली माणसे गाढ झोपली होती. चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी या भागातील घरांची बांधणी. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच माती अंगावर आली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिला जातो. आज उमरगा-लोहारा भागात बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकाने पन्नाशीपुढील कोणासही ‘तुमच्या आयुष्यातली एखादी गोष्ट सांगा’ म्हटले, की फार करून याच रात्रीची हकीकत ऐकावयास मिळते. काल रात्री काय जेवलो हे न आठवणाऱ्या माणसाला त्या पहाटेचा आवाज आठवतो. असे का व्हावे?

उत्तरासाठी प्रथम मेंदूच्या घटकाकडे वळले पाहिजे. ज्याला न्यूरॉन म्हणतात त्या पेशीस जुने मराठी लेखक मज्जापेशी म्हणत, विश्वकोशाने तंत्रिका कोशिका म्हटले, शालेय पुस्तके चेतापेशी म्हणतात. मज्जा हा आयुर्वेदातील सहावा धातू, हाडांच्या पोकळीत राहणारा. त्याचे नाव या पेशीस देण्याने गोंधळच वाढतो. ‘चेतापेशी’ हा शब्द मला अधिक पसंत आहे, कारण चूल चेतते त्या अर्थाने ही पेशी खरोखरच चेतत असते.

मानवी मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. प्रत्येकीला एक मुख्य काया असते. तिला झुडपासारखे फुटवे असतात, त्या वृक्षिका. आणि एक लांब धागा असतो, तो अक्षतंतू. वृक्षिकांवाटे संदेश येतो, अक्षतंतूवाटे पुढे जातो. पेशी स्वस्थ असते तेव्हा तिच्या पडद्याच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टांनी ऋण असते. बाहेर सोडियमचे विद्युत्भारित कण विपुल, आत पोटॅशियमचे. हा असमतोल टिकविण्यासाठी पेशी सतत शक्ती खर्च करीत असते. पुरेशी चेतना पोहोचली म्हणजे पडद्यातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियम आत घुसते, आणि सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती आतली बाजू धन होते. या बदलामुळे लगतची दारे उघडतात, त्यांच्यामुळे त्यापुढची. दिवाळीत लवंगी फटाक्यांची माळ लावतात तिची येथे आठवण ठेवावी. पहिल्या फटाक्याचा जोर शेवटपर्यंत वाहून नेला जात नाही. प्रत्येक फटाका आपल्याच दारूने उडतो, म्हणून शेवटचाही तितकाच मोठा वाजतो. फरक एवढाच, की चेतापेशीची माळ क्षणार्धात पुन्हा भरली जाते. संदेश लहान-मोठा नसतो. तो असतो किंवा नसतो. हळू स्पर्श आणि जोराचा धक्का यांतील भेद सेकंदाला किती संदेश गेले यावरून कळतो. ही यंत्रणा हॉजकिन आणि हक्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञांनी स्क्विड नावाच्या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये गणितासह मांडली. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संदेश विजेसारखा तात्काळ धावत असावा असा एके काळी समज होता. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या तंतूत त्याचा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला तीसेक मीटरच भरला. ज्या तंतूंवर मेदाचे वेष्टन असते त्यांत तो शंभर मीटरांपर्यंत जातो, आणि वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत माणसाच्या चालण्याइतका मंद असतो. ठेच लागताच धक्का आधी जाणवतो आणि ठणका मागाहून येतो, याचे कारण हेच.

एका पेशीचा तंतू दुसरीस चिकटलेला नसतो. मध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. मेंदू म्हणजे एकसंध जाळे आहे असे इटलीचा गोल्गी म्हणत असे. पेशी सुट्या आहेत असे स्पेनचा काहाल म्हणत असे. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले आणि गोल्गीने तेथील व्याख्यानातही काहालच्या मताचे खंडनच केले. काहाल बरोबर होता. फट ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकाशी रसायनाच्या पुटकुळ्या फुटतात, आणि ते रसायन पलीकडच्या पेशीच्या कुलपांत किल्लीसारखे बसते. ऑटो लोवीने १९२१ मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून हे दाखविले. ग्लुटामेट हे रसायन पुढच्या पेशीस ‘चेत’ म्हणते, गाबा हे ‘थांब’ म्हणते. या दुसऱ्याचे महत्त्व सामान्य वाचकास सहसा लक्षात येत नाही. नकारार्थी शब्द नसलेली भाषा जशी निरुपयोगी, तसा निरोध नसलेला मेंदू. निरोध ढिला पडून असंख्य पेशी एकदम चेतू लागल्या म्हणजे फेफरे येते. आपल्याकडे रुग्णाच्या नाकाशी कांदा किंवा चामडी वहाण धरतात. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआपच ओसरतात, आणि श्रेय वहाणेला जाते. झटका पाच मिनिटांहून लांबला तर मात्र रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये.

आता स्मरण. एका पेशीची चेतना पुन्हा पुन्हा दुसरीस चेतवू लागली, तर त्या दोहोंमधील संधी बळकट होत असावी, असा तर्क कॅनडातील डोनाल्ड हेब याने १९४९ मध्ये केला. पायवाट जशी चालण्याने पडते आणि पडली म्हणजे पुढचा माणूस तीवरूनच जातो, तसे हे आहे. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत असे बळकटीकरण प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केले. एरिक कँडेलने समुद्री गोगलगायीवरील प्रयोगांत असे दाखविले, की थोडा वेळ टिकणाऱ्या स्मरणात संधीमधील रसायनाचे प्रमाण तेवढे बदलते. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मरणासाठी पेशीस नवी प्रथिने घडवावी लागतात आणि नव्या संधी फुटतात. तेव्हा आठवण ही कणगीत भरलेल्या धान्यासारखी कोठे पडून असलेली वस्तू नाही. ती संधींची एक विशिष्ट ठेवण आहे. ती ठेवण पुन्हा चेतली म्हणजे आपण ‘आठवले’ म्हणतो.

ही ठेवण मेंदूत सर्वत्र सारख्याच रीतीने घडते काय? नाही, हे एका माणसामुळे कळले. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणास असह्य फेफरे येत. १९५३ मध्ये शल्यवैद्य स्कॉव्हिल याने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडील आतला काही भाग काढून टाकला. त्यात समुद्रघोड्याच्या आकारामुळे हिप्पोकॅम्पस हे नाव पडलेल्या अवयवाचा मोठा अंश होता. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, भाषा राहिली, बालपणही आठवत होते. परंतु त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या ध्यानात राहीना. ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे त्याच्याकडे येत असे आणि प्रत्येक वेळी ती त्याला नवखीच असे. तिने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास लावले. आरशात दिशा उलट होत असल्याने हे काम अवघड आहे. तीन दिवसांत तो त्यात तरबेज झाला. मात्र आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे त्यास मुळीच आठवत नव्हते.

मराठीत याचे वर्णन एका ओळीत होते : त्याच्या अंगवळणी पडले होते, पण त्याला आठवत नव्हते. घटनांची आठवण नव्याने बांधावयास हिप्पोकॅम्पस लागतो. अंगवळणी पडणाऱ्या गोष्टींची व्यवस्था मुख्यतः मेंदूच्या तळाकडील गाठींकडे आणि लहान मेंदूकडे आहे. ‘ठाऊक’ असणाऱ्या गोष्टी कालांतराने मेंदूच्या बाह्य पटलात विखरून रुजतात. त्या कोठे, केव्हा कळल्या ही खूण गळून पडते. मोलेसन २००८ मध्ये वारला. तोवर जगाला तो केवळ आद्याक्षरांनी ठाऊक होता.

आता सास्तूरच्या त्या पहाटेकडे परत येऊ. हिप्पोकॅम्पसला लागूनच बदामाच्या आकाराचा एक पेशीसमूह आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. भयाची खूण ओळखून तो शरीर जागे करतो : छाती धडधडते, हातपाय पळावयास सज्ज होतात, अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. त्याचबरोबर तो हिप्पोकॅम्पसमधील नव्या संधी घट्ट करण्यास साहाय्य करतो. कालचे जेवण आणि तीस वर्षांपूर्वीची पहाट यांच्या टिकाऊपणातील भेद प्रथम येथे पडतो. शिवाय ती हकीकत घरोघरी शेकडो वेळा सांगितली गेली, आणि दर वेळी पायवाट रुंदावत गेली.

परंतु टिकाऊ म्हणजे तंतोतंत नव्हे. १९८६ मध्ये अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अवकाशयान फुटले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाइसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कळली तेव्हा तुम्ही कोठे होता?’ याची लेखी उत्तरे घेतली. अडीच वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा पुष्कळांची उत्तरे बदललेली होती आणि त्यांचा आत्मविश्वास मात्र अढळ होता. २००० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले, की पक्की झालेली भयस्मृती जागी केली म्हणजे ती काही काळ पुन्हा मऊ होते आणि तिला परत घट्ट व्हावे लागते. प्रत्येक कथन ही अशी एक नवी बांधणी असते. मौखिक इतिहास जमविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. एकच आजी दहा वर्षांच्या अंतराने दोन निराळे तपशील सांगते, याचा अर्थ ती खोटे सांगते असा नव्हे. आणि ती मनापासून सांगते, एवढ्यावरून तपशील खरा ठरतो असेही नव्हे.

काहींच्या बाबतीत मात्र ती पहाट हकीकत झालीच नाही. रस्त्यावरून जड मालमोटार गेली, भांडे पडले, की ती जशीच्या तशी अंगावर येते. घाम फुटतो, माणूस घराबाहेर धावतो, रात्री छताखाली झोपू शकत नाही. याला आघातोत्तर तणावाचा विकार म्हणतात. हे निदान १९८० मध्ये अमेरिकन वर्गीकरणात अधिकृतपणे दाखल झाले. किल्लारी-सास्तूर परिसरातील वाचलेल्या लोकांची एक लहानशी पाहणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक जणांत हा विकार, विषण्णता किंवा तत्सम मनोविकार आढळले. येथे हिप्पोकॅम्पसने ‘हे तेव्हाचे, तेथले’ अशी खूण पटवावयास हवी, ती दुबळी पडते, आणि अमिग्डाला ‘हे आत्ताचे’ असे म्हणत राहतो. गावात अशा माणसाला बाहेरची बाधा झाली म्हणतात, किंवा भित्रा म्हणतात. नातलग कळवळून सांगतात, ‘विसरून जा.’ हा आज्ञार्थ व्याकरणदृष्ट्या शुद्ध असला तरी निष्फळ आहे. आज्ञा कर्त्याला करावयाची असते, आणि ‘मला आठवते’ या वाक्यात तो बिचारा कर्ताच नाही. जे उपचार उपयोगी पडतात ते निराळ्या मार्गाने जातात. सुरक्षित ठिकाणी, जाणत्या व्यक्तीसमोर, ती घटना थोडी थोडी करून सांगावयास लावतात. जुनी भीती त्याने पुसली जात नाही. कपाळामागील मेंदूचा भाग अमिग्डालाला थोपवावयास नव्याने शिकतो. काहींना औषधेही द्यावी लागतात. तीस वर्षे लोटली म्हणून उपचाराची वेळ गेली असे समजू नये.

अंगवळणी पडलेल्या गोष्टींचा विकारही आहे. कंपवातात, ज्याचे वर्णन जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये केले, मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर पेशी झिजतात आणि डोपामिन हे रसायन कमी पडते. सदऱ्याची गुंडी लावणे, उंबरठा ओलांडणे या ज्या गोष्टी देहाने आपल्या आपण कराव्यात त्यांवर रुग्णाला लक्ष द्यावे लागते. या रोगावरील लेव्होडोपा हे औषध बांधावरच्या खाजकुइलीच्या बियांत निसर्गतःच असते. मात्र त्या बिया परस्पर खाणे धोक्याचे आहे, कारण मात्रेचा अंदाज लागत नाही.

स्मृतिभ्रंशात क्रम उलटा. आलॉइस आल्झायमरने १९०६ मध्ये आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत मृत्यूनंतर पाहिलेले थर आणि गुंते आज अमिलॉइड व टाऊ या प्रथिनांचे म्हणून ओळखले जातात. हानी लवकर पोहोचते ती हिप्पोकॅम्पसच्या परिसरात. म्हणून सकाळी जेवण झाले की नाही हे ज्या आजोबांना सांगता येत नाही, ते १९४८ मधील रझाकारांच्या धामधुमीत कोणत्या शेतात लपलो होतो हे सांगतात. घरच्यांना हे ढोंग वाटते. ते ढोंग नव्हे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचे संशोधन आहे. हैदराबाद येथील निजाम आयुर्विज्ञान संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि निरक्षरांतही हा फरक टिकून होता. इतरत्र झालेल्या सर्वच अभ्यासांना असा फरक आढळलेला नाही. तेव्हा हा प्रश्न मिटला असे म्हणता येणार नाही. तथापि आपला जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता त्याच्याच राजधानीतील हे रुग्ण. उमरग्याच्या बाजारात मराठी, दखनी आणि कानडी या तिन्ही भाषांत सौदा करणारी निरक्षर बाई आजही दिसते. तिची कोणी अद्याप परीक्षा घेतलेली नाही, आणि घ्यावयाची तर ती कशी घ्यावी हाच प्रश्न आहे.

स्मृतिभ्रंशाच्या रूढ परीक्षेत शंभरातून सात-सात वजा करावयास किंवा एखाद्या शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगावयास लावतात. शाळा न पाहिलेल्या माणसाला हे निरोगी मेंदूनेही जमणार नाही. हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये जी हिंदी परीक्षा तयार झाली तीत आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितले. आपल्याकडेही प्रश्न बोलीत बसवून पाहिले पाहिजेत. ‘आज तारीख कोणती?’ या प्रश्नाला आमची म्हातारी माणसे गप्प राहतात आणि एक गुण गमावतात. पण तिथी कोणती, बाजाराला किती दिवस राहिले, तूर फुलाला आली की शेंगेला, हे त्यांना विचारावे. काळाचे भान गेले आहे किंवा नाही, हे त्या उत्तरांवरून कळते.